खपली सडून कोण देईल?

खपली गव्हाच्या खिरीला वेळ लागतो असं सगळेच सांगतात, पण तो नेमका कुठे जातो हे कुणी सांगत नाही. शिजवायला कुकर आहे, गूळ मिळतो, खसखस-खोबरं घरात असतंच. घोडं अडतं ते गहू सडण्यापाशी, म्हणजे कांडून दाण्यावरचा कोंडा काढण्यापाशी. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

आमच्या सांगली-मिरजेकडे जत्रेच्या महाप्रसादात ही खीर असते. पुण्यात राहूनही ती तश्शीच करायची, म्हणून मी गावाकडून खपली मागवली. तांबूस, लांबट आणि दोन्ही टोकांना निमुळते दाणे होते. अस्सल माल.

खपलीचा दाणा मळणीत साध्या गव्हासारखा टरफलातून सुटत नाही. ते टरफल वेगळं काढावं लागतं. माझ्याकडे आलेल्या गव्हाचं ते काढलेलं होतं. पण खिरीसाठी त्याच्याखालचा कोंड्याचा थरही जायला हवा. तो राहिला तर दाणा नीट फुलत नाही, गूळ आत मुरत नाही आणि प्रत्येक घासाला कोंडा दातात येतो. टरफल काढणं वेगळं आणि सडणं वेगळं, एवढंच मी गिरणीगिरणीत समजावत फिरले.

"ताई, साफच आहे की हा. भरडून देऊ?" बहुतेक ठिकाणी हेच उत्तर. भरडला की कोंड्यासकट रवा होतो, मग त्याची खीर कशी होणार? मसाल्याच्या कांडपवाल्या बाईंनी मात्र प्रामाणिकपणे सांगितलं, "आमच्या मशीनला मिरची लागलेली असते, तुमची खीर तिखट होईल." त्यांचं मला पटलं. एका गिरणीने पिशवी ठेवून घेतली आणि संध्याकाळी यायला सांगितलं. संध्याकाळी गेले तर लाईट गेलेली. पुन्हा गेले तर मशीनवरचा माणूस सुट्टीवर. नंतर म्हणाले, एवढ्याशा मालासाठी मशीन लावणं परवडत नाही. हे पहिल्याच दिवशी सांगता आलं असतं! पिशवीची गाठ मी बांधली होती तशीच होती. मध्येच कंटाळून 'खिरीची खपली' असं छापलेलं एक पाकीट आणलं. शिजवल्यावर त्याची लापशी झाली, चावायला एक दाणा सापडेना.

पौष्टिक म्हणून खपलीचं पीठ, रवा, शेवया शहरात हव्या तेवढ्या मिळतात, तेही चढ्या भावाने. सडलेली खपली मागितली की दुकानदार तोंडाकडे बघत राहतो. त्यात 'खपलीत ग्लुटेन नसतं' असं बिनदिक्कत सांगणारेही भेटतात. साफ चूक आहे ते. खपली हा गहूच आहे, त्यात ग्लुटेन असतं. सीलिॲकचा आजार असलेल्याला, म्हणजे ज्याला ग्लुटेन चालतच नाही त्याला, ही खीर अजिबात देऊ नका.

शेवटी आत्याला फोन केला. ती म्हणाली, "गिरणी कशाला पाहिजे गं? पाण्याचा हात लाव, झाकून ठेव आणि मिक्सरला फिरव." तसंच केलं. गव्हावर पाणी शिंपडून चोळलं आणि ओल्या फडक्यात तासभर झाकून ठेवलं. मग मिक्सरच्या भांड्यात थोडे थोडे दाणे घेऊन बटण उलट्या बाजूला क्षणभर फिरवायचं आणि सोडायचं. सलग फिरवलं तर तुकडे पडतात. कोंडा सुटलेला दिसला की ताटात पसरून जरा सुकू द्यायचं आणि सुपात पाखडायचं. पहिल्या पाखडणीला कोंडा उडाला तेव्हा मला एवढा आनंद झाला की मी आत्याला लगेच परत फोन केला.

पुढचं सोपं आहे. एक वाटी सडलेली खपली रात्रभर भिजवून, मूठभर तांदूळ घालून चौपट पाण्यात कुकरला लावायची. तांदळाने खीर मिळून येते. शिट्या झाल्या तरी मंद आचेवर बराच वेळ राहू द्या. दाणा बोटांनी सहज चेपला गेला पाहिजे, कारण गूळ पडल्यावर तो पुढे शिजत नाही. गूळ वाटीभर ते सव्वा वाटी. त्यात भाजलेली खसखस, किसलेलं सुकं खोबरं, सुंठ, वेलची, जायफळ आणि चिमूटभर मीठ. दूध पातेल्यात ओतू नका, गुळाने फाटतं. वाटीत वाढून वरून दूध आणि तूप घ्यायचं. दुसऱ्या दिवशी खीर घट्ट होते, तेव्हा गरम पाणी घालून सैल करा.

सुपाचं राहिलंच. सूप नसेल तर परातीतून परातीत ओतत टेबलफॅनसमोर धरा, पण गॅलरीत, नाहीतर घरभर कोंडा होतो. आणि जास्त सडून ठेवायचं असेल तर दाणे सावलीत खडखडीत वाळवा. ओल राहिली तर बुरशी धरते. मी किलोभर सडून डब्यात भरून ठेवलंय. आता त्या गिरणीची पायरी चढायची गरज नाही.