बॅट्समन येतोय, दहा सेकंद द्या

भात कापून झालं की आमच्या कुडाळकडे मळ्यातच पीच तयार होतं आणि टेनिस बॉलच्या स्पर्धा सुरू होतात, त्या थेट पाऊस पडेपर्यंत. साऊंड बहुतेक वेळा माझा असतो. हल्ली प्रत्येक टीमला बॅट्समन मैदानात येताना एन्ट्रीचं गाणं लागतं. सगळ्यांना वाटतं हे आयपीएलमुळे आलं, पण बेसबॉलवाले हे फार आधीपासून करतायत. शिकागो व्हाइट सॉक्सकडे १९७० मध्ये आलेल्या नॅन्सी फॉस्ट ऑर्गनवर बसून एकेका खेळाडूला शोभेलसं काहीतरी वाजवायच्या.

मला त्यातला आवडता किस्सा मारियानो रिवेराचा. न्यूयॉर्क यँकीजचा हा पिचर, म्हणजे बेसबॉलमधला बॉलर, मॅच मिटवायला शेवटी यायचा आणि स्टेडियमभर मेटॅलिका या मेटल बँडचं ‘एंटर सँडमन’ दणकायचं. ते गाणं त्याने मागितलंच नव्हतं. १९९९ मध्ये स्टेडियमच्या माणसांनी निवडलं, हा स्वतः भक्तिगीतं ऐकणारा. तरी २०१३ मध्ये त्याच्या निरोपाला मेटॅलिकाने मैदानात येऊन तेच वाजवलं.

म्हणून मी खेळाडूने दिलेली यादी घेतो, पण आधी त्याला चालताना बघतो. आमचा एक ओपनर देवळात निघाल्यासारखा सावकाश येतो. त्याला धिंगाणा गाणं लावलं की पब्लिक हसतं आणि तो पहिल्याच बॉलला आडवी फिरवतो. त्याला नुसता ढोल, तोही ठाय लयीत.

बेसबॉलमध्ये नऊ जणांचा क्रम ठरलेला असतो आणि तो फिरत राहतो, त्यामुळे एकेकाची पाळी मॅचमध्ये साधारण चारदा येते. पहिल्यांदा गाणं जमलं नाही तरी पुढे संधी असते. आपल्याकडे बॅट्समन एकदाच येतो, आणि पुढचा कोण हे विकेट पडेपर्यंत कॅप्टनलाही ठाऊक नसतं. टेनिसला पॅड नाहीत, म्हणजे कोण बांधून बसलाय तेही कळत नाही. बॅट घेऊन कोण उठला यावर माझा एक डोळा, लॅपटॉपवर प्रत्येकाच्या नावाचं बटण.

गाणं ऑडॅसिटी या साऊंड एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये कापतो. सुरुवातीचं म्युझिक जवळजवळ नेहमीच उडवतो. माणूस बाउंड्रीची दोरी ओलांडतो तेव्हाच ठेका पडला पाहिजे. बेसबॉलच्या मेजर लीगने २०१५ मध्ये दहा सेकंदांची मर्यादा घातली होती. आपल्याला तेवढे पुरतात, मळा काही फार मोठा नसतो. गार्ड घेतला की आवाज हळूहळू खाली. बॉलर धावायला लागल्यावर गाणं वाजतंय हे मला अजिबात खपत नाही, मग आयोजक काहीही म्हणोत. जुनी गाणी बारीक आवाजात भरलेली असतात आणि नवी कान फाडतात, म्हणून सगळ्यांचा आवाज घरीच एकसारखा करून ठेवायचा. मोबाइलवरून वाजवणार असाल तर फ्लाइट मोड आधी, नाहीतर ऐन फायनलला कुणाच्या तरी आईची रिंगटोन बेसवर.

दोन टॉप, म्हणजे मुख्य स्पीकर बॉक्स, मैदानाच्या दोन टोकांना लावायचा हट्टही नको. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. बॉक्स ६८ मीटर लांब असेल तर तिकडचा ठेका सेकंदाच्या पाचव्या भागाइतका उशिरा पोचतो आणि सगळी खिचडी होते. दोन्ही एकाच बाजूला, पब्लिककडे तोंड करून.

खरी लढाई समालोचकाशी. त्याला नेमकं याच दहा सेकंदांत गावच्या सरपंचांचं स्वागत करायचं असतं. मी माइकचा फेडर, म्हणजे आवाजाची सरकपट्टी, खाली घेतो, तो माझ्याकडे बघतो, मी वायर तपासायला लागतो.

गेल्या वेळी एक पोरगा टेबलाजवळ येऊन म्हणाला, “दादा, माका गाणां नको. दशावतारात राजा येताना पखवाज वाजता ना, ता लाव.” ओळखीच्या पखवाजवाल्याकडे जाऊन रेकॉर्ड करून आणलं, मधे झांज एकदाच. तो आला तसं खुर्च्यांतली म्हातारी माणसंही मान वर करून बघायला लागली. पोरगा चार रन करून आउट झाला, पण नंतर तीन टीमनी तोच तुकडा मागितला. दिला नाही. तो त्याचा आहे.

मे महिन्याच्या स्पर्धेसाठी गाणी पाठवताना कितव्या सेकंदापासून हवंय तेही लिहा. पूर्ण गाणं हवं असेल तर लग्न ठरवा, तिथेही साऊंड माझाच असतो.