मन मोजता येतं का? तुम्ही विचारलंत म्हणून

मानसशास्त्रात संशोधन करते म्हटलं की हमखास विचारलं जातं, ‘वीस प्रश्नांच्या कागदावरून माणसाचं मन कसं कळणार?’

नुसत्या कागदावरून नाहीच कळत. हे मी चूक करून शिकले.

सुरुवातीच्या काळात मी एकाकीपणाची प्रश्नावली तयार केली होती. मानसशास्त्रज्ञ क्रॉनबाख यांनी १९५१ साली मांडलेला अल्फा काढला, म्हणजे प्रश्नावलीतल्या विधानांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा. तो ०.९० च्या वर गेला, म्हणजे १ च्या अगदी जवळ. मी खूश. मग काही जणांना विधानं वाचताना मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगितलं. एका बाईंनी ‘मी बराच वेळ एकटी असते’ यावर ‘पूर्ण सहमत’ अशी खूण केली आणि म्हणाल्या, ‘तेवढाच वेळ माझा असतो हो!’ माझ्या प्रश्नावलीतल्या गुणांनुसार त्या सर्वांत एकाकी लोकांमध्ये बसत होत्या.

मी मोजत होते एकटं असणं. मोजायचं होतं एकटं वाटणं. आणि अल्फा? एकच गोष्ट दहा प्रकारे विचारली की तो वाढतोच. विश्वसनीयता (उत्तरांमधला सुसंगतपणा) म्हणजे सप्रमाणता (जे मोजायचं तेच मोजलं जाणं) नव्हे, हे पाठ होतं, कळलं त्या दिवशी.

चूक प्रश्नांच्याही आधीची होती. एकाकीपण म्हणजे काय, हेच मी ठरवलं नव्हतं. हवी असलेली नाती आणि असलेली नाती यांतलं अंतर, अशी व्याख्या धरली की भाकितं आपोआप निघतात: भरल्या घरातलं माणूसही एकाकी असू शकेल आणि ओळखींच्या संख्येशी गुणांचा संबंध क्षीण असेल. क्रॉनबाख आणि मील यांनी १९५५ साली हेच मांडलं: संकल्पनेला अर्थ येतो तो अशा संबंधांच्या जाळ्यातून. कॅम्पबेल आणि फिस्क यांनी १९५९ मध्ये आणखी कठोर अट घातली. कशाशी जुळतं एवढं पुरे नाही, कशाशी जुळत नाही तेही दाखवा. आणि एकाच पद्धतीने मोजल्यामुळे आलेलं साम्य वेगळं काढा.

हा काथ्याकूट वाटेल. पण २०१७ साली मानसशास्त्रज्ञ आयको फ्रीड यांनी नैराश्याच्या ७ प्रचलित मापन्या शेजारी ठेवल्या, तेव्हा त्यांत मिळून ५२ वेगवेगळी लक्षणं निघाली. सातहींमध्ये आढळणारी जेमतेम १२ टक्के. मग ‘नैराश्य कमी झालं’ म्हणणारे दोन अभ्यास एकाच गोष्टीबद्दल बोलताहेत, हे कशावरून मानायचं? उपचार यावरच ठरतात, म्हणून मला याची काळजी वाटते.

माझ्या प्रश्नावलीतली निम्मी विधानं गेली. बाईंनी खूण केलेल्या विधानाच्या जागी आता आहे, ‘मनातलं सांगावंसं वाटतं तेव्हा कुणी नसतं.’ ते त्यांनाच आधी वाचायला दिलं होतं. या खेपेला त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.