नमुना सही

मराठीत 'नमुना' हा शब्द दोन्हीकडून बोलतो. रक्ताचा नमुना, कापडाचा नमुना म्हटलं की त्या एकावरून बाकीच्याचा अंदाज येतो. आणि एखाद्याकडे बघून "काय नमुना आहे!" म्हटलं, की असा दुसरा सापडायचा नाही. आमच्या घरात दुसरा अर्थ जास्त चालतो, बहुतेक वेळा माझ्याच नावावर.

परवा बँकेत मात्र पहिल्या अर्थाने अडकलो. खातं उघडताना दिलेली नमुना सही आणि माझी आजची सही जुळेना. मी समोर हजर, पण पुरावा म्हणून वजन त्या जुन्या सहीला.

बसल्या बसल्या वाटलं, नमुना होणं प्रत्येकाला मानवतंच असं नाही. काँक्रीटचंच घ्या. ओतकाम चालू असताना त्याच मालाचे १५० मिलिमीटरचे ठोकळे पाडतात, २८ दिवस पाण्यात ठेवतात आणि मग यंत्रात दाबून चक्क फोडतात. ज्या ठोकळ्याची परीक्षा झाली, तो पुलात कधीच बसत नाही. रक्ताचे लाड त्यामानाने बरे: गोठू नये म्हणून जांभळ्या टोपणाच्या नळीत आधीच ईडीटीए नावाचं रसायन असतं, नळी हलवायची नाही, हळुवार उलटसुलट करायची. फक्त चिठ्ठी बदलली की दुसऱ्याचा आजार आपला.

खरी गंमत जीवशास्त्रात. नव्या प्रजातीला नाव देताना एक नमुना संग्रहालयात जपून ठेवतात आणि पुढे वाद झाला की त्याच्याशीच ताडून बघतात. तो नमुना चारचौघांसारखा असावा अशी अट नाही. पिल्लू असेल, पंख तुटका असेल. नाव त्याला चिकटलं, संपलं. माणसाला 'होमो सेपियन्स' हे नाव लिनियस या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञाने १७५८ साली दिलं, पण नमुना काही ठेवला नाही. शेवटी १९५९ मध्ये विल्यम स्टर्न या वनस्पतिशास्त्रज्ञाने लिहिलं की खुद्द लिनियसच तो नमुना मानावा. म्हणजे तुमचा-माझा अधिकृत नमुना स्वीडनमधल्या उप्साला कॅथेड्रलच्या फरशीखाली आहे. आणि माणूस कसला? आत्मचरित्र एकदा लिहून ज्याचं भागलं नाही असा! मला तर इथे नमुन्याचे दोन्ही अर्थ एकाच थडग्यात दिसतात.

"पूर्वी करायचात तशी करून बघा ना," काउंटरवरच्या बाई म्हणाल्या आणि दया येऊन त्यांनी पडदा जरासा माझ्याकडे वळवला. टपोरी अक्षरं, खाली ऐटीत ओढलेली रेघ, रेघेच्या टोकाला दोन टिंबं. ती टिंबं कशासाठी होती, देव जाणे. मी पडद्याकडे बघत, जीभ दातात धरून, एकेक वळण गिरवलं. तिसऱ्या कागदावर टिंबंसुद्धा बरोबर जागी पडली.

बाईंनी चष्मा वर करून ताडून पाहिलं. "हां," त्या म्हणाल्या, "आता तुमची वाटते."