मोगऱ्याचा गार ग्रीन टी लाटे: सगळी मेहनत आदल्या रात्रीची

फुलांचा गार लाटे करायचा तर फुलं दुधात घालायची नाहीत आणि पाकातही नाहीत. ती कोरड्या चहापत्तीत घालायची, तीही आदल्या रात्री. बाकीची कृती झटपट होते. पण ती रात्र टाळली की हातात येतं ते अत्तर घातलेलं दूध.

हे पेय मी पहिल्यांदा प्यायले गोव्यात, आसगावातल्या एका कॅफेत. वास बाटलीतल्या सिरपचा होता. पहिले दोन घोट झकास, मग जिभेवर साबण. फोंड्याला आमच्या मागीलदारी एप्रिलमध्ये मोगरा नुसता पांढराफेक होतो, तर बाटली कशाला आणायची, असं वाटलं आणि मी वाचायला लागले.

चीनमध्ये फूझौ शहराच्या आसपास असा चहा शेकडो वर्षं करतात, आणि त्यात वापरतात तो आपलाच मोगरा. मोगरा रात्री उमलतो आणि उमलतानाच वास सोडतो. म्हणून तिकडे कळ्या दुपारी खुडतात, तयार ग्रीन टीमध्ये मिसळून रात्रभर ठेवतात आणि सकाळी फुलं चाळून टाकतात. चहाची पत्ती आजूबाजूचा वास चटकन ओढून घेते, आणि इथे तोच गुण कामी येतो. उंची चहाला अशा कितीतरी रात्री देतात, दर वेळी ताज्या कळ्या घालून.

कळ्या निवडायला मला सासूबाईंनी शिकवलं. संध्याकाळी पाच-साडेपाचला झाडाशी जायचं. टपोरी, पांढरी, पण तोंड मिटलेली कळी घ्यायची. हिरवट कळी आज उमलत नाही, आणि पूर्ण उमललेल्या फुलाचा वास निम्मा उडून गेलेला असतो. "देवाची आधी बाजूला काढ गं," आई म्हणाल्या, "वास घेतलेलं फूल देवाला चालत नाही." त्यांच्या हिशेबाने चहाने वास घेतला म्हणजे फूल उष्टंच झालं. म्हणून आधी देवाची परडी, मग फातीपुरती, म्हणजे केसांत माळायच्या गुंफलेल्या गजऱ्यापुरती फुलं, आणि उरलेली माझी.

बाजारातला गजरा मात्र यासाठी आणू नका. हारासाठी पिकवलेल्या फुलांवर काय फवारलंय ते कळत नाही, आणि ती फुलं खाण्यासाठी पिकवलेली नसतात. घरचं झुडूप नसेल तर औषध न मारणाऱ्या शेजाऱ्याकडे मागा. आणि मोगऱ्याऐवजी दिसेल ते फूल घालायची हौस नको. कुंपणावरची कण्हेर, पांढरी असो, लाल असो की पिवळी, विषारी आहे.

पत्ती साधी, बिनवासाची घ्यायची. लिंबू किंवा तुळस घातलेल्या पिशव्या उपयोगाच्या नाहीत. मी निलगिरीचा सुटा ग्रीन टी घेतला, 25 ग्रॅम, आणि साधारण तेवढ्याच वजनाच्या कळ्या. काचेच्या बरणीत एक थर पत्तीचा, एक कळ्यांचा. झाकण सैल ठेवायचं, कळीला उमलायला हवा लागते. बरणी कुठे ठेवायची हा आमच्याकडे गंभीर प्रश्न होता. एप्रिल म्हणजे पुरुमेंताचे, पावसाळ्यासाठी साठवण करायचे दिवस, स्वयंपाकघरात सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी, भरून ठेवायची लगबग. पत्ती मोगऱ्याचा वास ओढते तसा सुंगटांचाही ओढणार. म्हणून बरणी गेली हॉलमध्ये, टीव्हीच्या कपाटात.

सकाळी फुलं पिवळट, मलूल झालेली असतात आणि पत्ती हाताला मऊ लागते, कारण कळ्यांतलं पाणी तिच्यात गेलेलं असतं. फुलं सगळी वेचून काढायची. आपल्याकडच्या दमट हवेत ती ओली पत्ती तशीच बंद केली तर बुरशी ठरलेली. जाड बुडाची कढई नुसती कोमट करायची, गॅस बंद, आणि पत्ती हाताने परतत राहायची, पुन्हा कुरकुरीत होईपर्यंत. उन्हात ठेवू नये, रात्रभर कमावलेला वास ऊन घेऊन जातं. मी दुसऱ्या रात्री नव्या कळ्या घालून हेच पुन्हा करते. एका रात्रीचा वास नुसत्या चहाला पुरतो, दुधापुढे मात्र तो दबतो.

आता चहा. ग्रीन टीवर उकळतं पाणी ओतलं की तो कडू होतो. पाणी 80 अंशांच्या आसपास हवं. थर्मामीटर नाही, म्हणून मी तीन वाट्या उकळत्या पाण्यात एक वाटी माठातलं पाणी मिसळते, की गणित बरोबर जमतं. त्यातलं 150 मिली पाणी आणि दोन भरलेले चमचे पत्ती, तीन मिनिटं. एरवीच्या कपापेक्षा हा दुप्पट कडक आहे, आणि तसाच हवा, कारण पुढे दूध आणि बर्फ दोघेही त्याला पातळ करणार. बर्फावर माझा एक उपाय आहे. त्याच चहाचे खडे करून फ्रीजरमध्ये ठेवायचे. ते वितळले तरी ग्लासात पाणी होत नाही.

दुधाचा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडला. गोव्यात राहून पहिला विचार नारळाच्या रसाचाच येणार. पण खोबरेल साधारण 24 अंशांखाली गोठतं, त्यामुळे बर्फ पडला की रसातला स्निग्धांश कणाकणाने वर येतो आणि ओठांना मेण लागल्यासारखं वाटतं. शिवाय नारळाचा वास मोगऱ्याला पुढे येऊ देत नाही. गायीचं थंड दूध चालतं, त्यात तक्रार नाही. पण खरं जमलं ते काजूचं दूध. मूठभर काजूगर चार तास भिजवून एक पेला थंड पाण्याबरोबर मिक्सरमधून एकदम बारीक काढायचे. गाळायचीही गरज नाही. जरा गोडसर, स्वतःचा वास जवळजवळ नाही, आणि गार झाल्यावरही साईसारखं राहतं. मोसमात काजू घरात असतातच. मी तुकडा काजू वापरते, अख्ख्याची चैन इथे दिसत नाही.

साखर गार पेयात लवकर विरघळत नाही, तळाला बसते. म्हणून समान साखर-पाण्याचा साधा पाक करून ठेवायचा. माडाचा गूळ मला फार प्रिय आहे, पण इथे नको, तो एकटाच बोलत बसतो.

ग्लासात आधी चमचाभर पाक, मग चहाचे खडे, मग काजूचं दूध आणि शेवटी गार केलेला चहा चमच्याच्या पाठीवरून हळू सोडायचा. थर दिसतात, फोटो निघतो, आणि मग ढवळावं लागतं. ढवळल्यावर रंग अगदीच सामान्य, फिकट पिवळसर. कॅफेतल्या ग्रीन टी लाटेचा हिरवा रंग मॅचाचा असतो. सावलीत वाढवलेली चहाची पानं दगडी जात्यावर दळून केलेली ती पूड अख्खी पोटात जाते, गाळली जात नाही. ती महाग आहे आणि तिची चव मोगऱ्याला गप्प करते. धाकटीला रंग हवाच होता, तर कुंपणावरच्या निळ्या गोकर्णाची चार-पाच सुकी फुलं चहाबरोबर भिजवली. दुधात फिकट जांभळट निळा आला. लिंबू पिळलं की गोकर्ण जांभळं होतं हे तिने शाळेत पाहिलेलं, पण ते दुधाच्या ग्लासात करायचं नाही, गायीचं दूध असेल तर फाटतं.

आई हे पीत नाहीत. त्यांना तीच पत्ती बिनदुधाची, गरम, अर्धा कप, संध्याकाळी चारच्या आत, कारण नंतर घेतली तर झोप येत नाही म्हणतात. वासाची पत्ती घट्ट झाकणाच्या बरणीत फ्रीजमध्ये ठेवली आहे. थोडी थोडीच करते, कारण वास दिवसागणिक उतरतो. पाऊस लागला की मोगरा ओसरेल आणि जाई येईल. मार्दोळला म्हाळसेच्या देवळात जायांची पूजा होते तेव्हा सगळीकडे जाईच जाई असते. तिची पाकळी मोगऱ्याहून पातळ, ती ओल्या हवेत रात्रभर पत्तीत काळी पडेल असा माझा अंदाज आहे. तेव्हा तीन-चार तासांनीच वेचून बघणार.