तुम्ही विचारलंत म्हणून: गोळीने पाळी आली, आता दिवस जातील ना?

हा प्रश्न मला नेहमी आडवळणाने येतो. आधी "ताई, तुम्हालाही पीसीओडी होतं ना?" मग आजूबाजूला बघून हळूच, "चार महिने आलीच नव्हती. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या संपल्यावर आली. आता होईल ना?" विचारणारी कधी ऑफिसातली नवी मुलगी असते, कधी लेडीज डब्यातली रोजची ओळख. भांडुपला हळदीकुंकवात एका नणंदेने तर वाण हातात घेतल्या घेतल्या विचारलं.

तर, त्या गोळीने नाही. त्या गोळीने फक्त पाळी येते. दिवस जायला अंडाशयातून बीज सुटावं लागतं. पीसीओडीत (यालाच पीसीओएसही म्हणतात) नेमकं तेच वेळेवर होत नाही, आणि ते काम या गोळीचं नाही.

गणपतीत किंवा सत्यनारायणाला पाळी पुढे ढकलायची गोळी आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. नॉरएथिस्टेरॉन. पाळी आणायलाही बरेचदा तीच देतात, नाहीतर तिच्याच जातीतली मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन. थांबवणारी आणि आणणारी गोळी एकच कशी, याचं मला भारी नवल वाटायचं. गोळी चालू असते तोवर गर्भाशयाचं अस्तर टिकून राहतं, बंद केली की काही दिवसांत ते गळतं. बस्स, एवढंच. एरवी हे काम अंडाशय करतं. बीज सुटलं की त्याच जागेतून साधारण दोन आठवडे प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन तयार होतं, गर्भ राहिला नाही तर ते ओसरतं आणि पाळी येते. गोळीच्या पाळीत हा बीज सुटण्याचा टप्पाच नसतो. म्हणून ती आली की पेढे वाटायला निघू नका. पण ती निरुपयोगीही नाही. महिनोन् महिने न गळलेलं अस्तर जाड होत राहणं वाईट, आणि पुढचं औषध मोजायला पहिला दिवस लागतोच. फक्त गोळी सुरू करण्याआधी लघवीची टेस्ट करून घ्या, न जाणो दिवस गेलेलेच असायचे.

यातूनच दुसरं गणित निघतं. पाळी बीज सुटल्यानंतर सुमारे दोन आठवड्यांनी येते, मग लांबतो तो आधीचा भाग. "चौदावा दिवस" हे २८ दिवसांनी येणारीचं. ४५ दिवसांनी येणारीचं बीज, सुटलंच तर, एकतिसाव्या दिवसाच्या आसपास. मोबाइलमधलं ॲप मात्र आपलं ठरावीक दिवशी फूल काढून दाखवतं. बीज कधी सुटणार ते सांगणाऱ्या लघवीच्या पट्ट्यांचंही तसंच. पट्टी बघते ते एलएच, बीज सुटायला लावणारं हार्मोन. पीसीओडीत ते बऱ्याचदा मुळातच चढलेलं असतं, पट्टी उगाच होकार देते. आणि "वर्षभर प्रयत्न करा, मग या" हा सल्लाही पाळी वेळेवर येणाऱ्यांसाठी आहे. जिला येतच नाही, तिने वर्ष कशाला घालवायचं?

डॉक्टर आधी थायरॉइड, प्रोलॅक्टिन ही हार्मोन्स बघतात, कारण पाळी त्यांनीही अडते. त्याचबरोबर नवऱ्याचा सीमेन रिपोर्ट. सगळ्या तपासण्यांत ही सोपी, ना सुई ना सोनोग्राफी, आणि बहुतेक घरांत तीच सगळ्यात शेवटी होते. मी तर म्हणेन, तो रिपोर्ट हातात येईपर्यंत बीजाच्या गोळीला हात लावू नका.

बीजाची गोळी म्हणजे हल्ली बहुतेक वेळा लेट्रोझोल. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून पाच दिवस. पाकिटातला कागद उघडलात तर त्यात स्तनाच्या कर्करोगाचं औषध असं लिहिलेलं दिसेल आणि पोटात गोळा येईल. ते खरंच आहे. ती इस्ट्रोजेन खाली आणते. इस्ट्रोजेन कमी पडतंय असं वाटून मेंदू एफएसएच हे बीज वाढवणारं हार्मोन जास्त सोडतो आणि बीज वाढायला लागतं. २०११ साली केंद्र सरकारने वंध्यत्वासाठी हिच्यावर बंदी घातली होती, पुढे ती उठली. २०१४ साली अमेरिकेतला ७५० पीसीओएसवाल्या बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात जुन्या क्लोमिफेनपेक्षा लेट्रोझोलवर जास्त बाळं जन्मली. सासूबाईंना मात्र ट्रीटमेंट म्हटलं की टेस्ट ट्यूबच आठवते. १९८६ साली केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांकडे झालेल्या बाळाची बातमी त्यांच्या पिढीने वाचलेली. पाच दिवसांची गोळी म्हणजे आयव्हीएफ नव्हे, हे सांगता सांगता माझी पुरेवाट झाली.

गोळीने काम केलं का, ते फॉलिक्युलर स्टडीत कळतं. नवव्या-दहाव्या दिवसापासून एक-दोन दिवसांआड सोनोग्राफी. दादरच्या त्या सेंटरमध्ये भिंतीवर "येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही" ही पाटी, तिच्याखाली दोन प्रकारच्या बायका. गरोदर बाया बाटलीने पाणी पीत बसलेल्या, आणि आम्ही बाथरूमला जाऊन आलेल्या, कारण आमची तपासणी आतून. आत डॉक्टर मॉनिटरकडे बघत असिस्टंटला आकडे सांगतात, "राइट चौदा, लेफ्ट छोटे, ईटी सात." म्हणजे उजवीकडची बीजाची पिशवी चौदा मिलिमीटर, डावीकडच्या छोट्या, अस्तराची जाडी सात. असिस्टंट ते एका चिठ्ठीवर लिहिते आणि तीच चिठ्ठी दर खेपेला भरत जाते. ती पिशवी १८ ते २० मिलिमीटरला पोचली की बीज सुटायला लावणारं एचसीजीचं इंजेक्शन, त्यानंतर साधारण ३६ तासांत ती फुटते. कधी चिठ्ठीवर नुसतं "नो डीएफ" येतं, म्हणजे एकही बीज पुढे सरकलेलं नाही. मग पुढच्या वेळी डोस वाढतो. ती चिठ्ठी पर्समध्ये घालून साडेनवाची लोकल पकडायची आणि दिवसभर ऑफिसात हसून बोलायचं. ह्याचं औषध अजून निघालेलं नाही.

मला मुलगी झाली, लेट्रोझोलवरच. माझ्या शेजारच्या खुर्चीत बसणारीची बीजं माझ्यापेक्षा छान फुटायची, तिला मात्र आयव्हीएफकडे जावं लागलं. म्हणून "तुमची गोळी कुठली, किती पॉवरची" हे मला विचारू नका. डॉक्टरांना विचारा, ही गोळी पाळीची की बीजाची? बीजाची असेल तर सोनोग्राफी कुठल्या दिवशी? आणि बीज सुटलं का हे बघायला प्रोजेस्टेरॉनची रक्ततपासणी एकविसाव्या दिवशी लिहून दिली असेल, तर तुमची पाळी किती दिवसांनी येते ते आधी सांगा. ती बीज सुटल्यावर आठवड्याभराने करायची असते. पाळी लांबणारीचा एकविसावा दिवस बहुतेक वेळा त्याच्या कितीतरी आधीच येऊन जातो.