गुप्तधनाचा सिनेमा : कोडं, ताम्रपट आणि केळीची बाग

जंगल, नकाशा, मागावर असलेला खलनायक आणि शेवटी सापडणारं धन. जुन्या धाटणीचा हा साचा आजही माणसाला खुर्चीत धरून ठेवतो. फसतो तो बहुधा एकाच ठिकाणी: नायकाला उत्तर अचानक सुचतं आणि प्रेक्षकाला ते स्वतः काढायची संधीच मिळत नाही. म्हणून लिहिताना आधी कोडं, बाकी सगळं मागून.

खान्देशात तर कोडं आयतंच आहे. चाळीसगावजवळच्या पाटणचा इ.स. १२०७ चा शिलालेख सांगतो, की भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांचा नातू चांगदेव याने तिथे मठ स्थापला. त्याच भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त मोर आणि सापाचं गणित येतं. नऊ हात उंच खांबावर मोर बसलाय, खांबाच्या बुडाशी सापाचं बीळ. खांबाच्या तिप्पट, म्हणजे २७ हातांवरून साप बिळाकडे निघतो. मोर तिरपी झेप घेतो आणि गाठ पडेपर्यंत दोघं सारखंच अंतर कापतात. गाठ बिळापासून किती हातांवर?

उत्तर १२ हात. पडद्यावर समीकरण नकोच, दोन दोऱ्या पुरेत. एक खांबाच्या टोकाला बांधायची, दुसरी सापाच्या जागी खुंटीला. दोन्ही हातात धरून नायिका बिळाच्या रेषेत पुढे-मागे सरकते. जिथे दोन्ही दोऱ्यांची लांबी जुळते, तिथे कुदळ. दीड फुटाचा हात धरला तर खांब साडेतेरा फूट, जागा खांबापासून १८ फुटांवर आणि प्रत्येक दोरी साडेबावीस फूट. खलनायक घाईत मध्यावर खणतो, साडेतेरा हातांवर. दोन जागांमध्ये जेमतेम सव्वादोन फूट माती! इतका ताण तलवारबाजीतही येत नाही.

आणि हात कोणाचा? उंच आणि बुटक्या माणसाच्या हातात इंचाचा फरक असला, तर बारा हातांत फूटभर चूक होते. खांबाचा नववा भाग म्हणजे एक हात, हे ज्याला कळतं तो जिंकतो. खांब थर्माकोलचा करणार असाल तर आत लोखंडी पाइप उभा करून दोरी त्यालाच बांधा. नाहीतर दोरी ताणताच ‘दगडी’ खांब वाकलेला दिसतो.

हे कोडं लिहायला चहाच्या पाण्यात बुडवून पिवळा केलेला कागद तेराव्या शतकात पुरलेल्या धनाच्या कथेत शोभत नाही. ताम्रपट करा. तांब्याच्या जाड पत्र्यावर अक्षरं छिन्नीनेच खोदून घ्या, कारण लेझरने कोरलेली अक्षरं लगेच ओळखू येतात. मग पत्र्यावर व्हिनेगर आणि मीठ लावून झाकणाच्या डब्यात रात्रभर ठेवा. हिरवा कळंक चढतो. पाणी साचू दिलं तर थराऐवजी नुसते ओघळ उठतात. कळंक विषारी असतो, तेव्हा पत्रा हाताळल्यावर हात धुवायचेच. याचा कथेलाही उपयोग आहे: आजी देवाची भांडी घासतात तशी ताम्रपटावर चिंच चोळते आणि अक्षरं एकेक करून उजळत जातात. चिंच लागली की थर गेला, दुसरा टेक मिळत नाही. निदान तीन पत्रे तयार ठेवा.

जंगलाचं वेळापत्रक सातपुडा ठरवतो. साग पानगळीचा. फेब्रुवारीनंतर डोंगर उघडे पडतात आणि वाळक्या पाचोळ्यात मशाल म्हणजे वणव्याला निमंत्रण. ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये शूटिंग उरका, वनखात्याची परवानगी त्याच्या बरीच आधी मागा. उन्हाळ्यातच पाठलाग घ्यायची वेळ आली तर यावल-रावेरकडची सहा-सात महिन्यांची केळीची बाग घ्या. वर पानांचं छत असतं, खाली हिरवा अंधार. मात्र झाडं ठरावीक अंतरावर सरळ ओळीत असतात, म्हणून कॅमेरा ओळीला तिरका लावा. ठिबकच्या नळ्या पाचटाखाली झाकायला विसरू नका. केळीचा चीक कपड्यावर पडला की डाग जात नाही, त्यामुळे प्रत्येक नटाला एकाच कापडाचे दोन जोड लागतातच.

वाटाड्याबद्दल मनापासून सांगणं आहे. जुन्या सिनेमांनी आदिवासींना भाले नाचवणारी टोळी करून टाकलं. सातपुड्यातला पावरा, भिल्ल किंवा तडवी माणूस झरे, चढ आणि पायवाटा ओळखतो. ते ज्ञान त्याच्याच तोंडून येऊ द्या आणि त्याच्याच बोलीत. पायथ्याच्या गावातला म्हातारा ‘काय करी ऱ्हायना रे भाऊ?’ म्हणाला, की ठिकाण पाटी न दाखवताच कळतं.

शेवटी घागर. आतली नाणी देवगिरीच्या यादवांच्या पद्मटंकांसारखी हवीत: पातळ, किंचित वाटीसारखी, मध्ये कमळाचा ठसा. पितळी पत्रा ठोकून ती होतात. प्लास्टिकची घेऊ नका, पडल्यावर खणखणत नाहीत. वजनाचाही हिशेब ठेवा. एक लिटर सोनं १९ किलोच्या वर भरतं, म्हणजे दहा लिटरच्या घागरीत निम्मी पोकळी धरली तरी ९५ किलोंहून जास्त. ती खांद्यावर टाकून कोणी पळत नाही. चौघं बांबूला दोर बांधून उचलतात आणि दोर कुरकुरतो. शिवाय १८७८ च्या गुप्तधनाच्या कायद्यानुसार दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं धन सापडलं, तर कलेक्टरला कळवावंच लागतं. तेव्हा शेवटच्या दृश्यात गोणपाटावर नाणी मोजली जाताहेत, पंच सह्या करताहेत आणि नायिका बोटांवरचा हिरवा कळंक चिंचेने घासून काढतेय.