प्लॅनर ३ घ्यायचा की नुसती सुई बदलायची?

पुण्याच्या एका दुकानात रेगा कंपनीचा प्लॅनर ३ हा टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड वाजवायचं मशिन, ऐकून आलो तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. मुलगा म्हणतो, "बाबा, घ्या की आता, किती विचार करालाय!" बायकोचं म्हणणं, आहे तो चालतोय ना. निपाणीचा दोस्त रात्री फोन करून चौकशी करतो. त्यालाही घ्यायचाय, पण आधी माझे पैसे गेलेले बघायचेत.

सध्या माझ्याकडे ऑडिओ-टेक्निकाचा एलपी १२०एक्स हा टर्नटेबल आहे. डायरेक्ट ड्राइव्ह (बेल्ट नाही, मोटर थेट थाळी फिरवते), मिनिटाला ३३, ४५ आणि ७८ फेरे असे तिन्ही स्पीड, एस आकाराचा टोनआर्म (सुई धरणारा दांडा), त्याच्या टोकाचं हेडशेल फिरवून काढता येतं. दिसायला जरा डीजेछाप. मला सांगितलेल्या किमतीत प्लॅनर ३ याच्या दुपटीच्या पुढे जातो, म्हणून एवढं चर्वितचर्वण.

बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर टर्निंगचं जॉबवर्क करण्यात हयात गेली, त्यामुळं कुठलंही यंत्र दिसलं की माझा हात आधी बेअरिंगकडे जातो. प्लॅनर ३ चं काम बघून खरंच बरं वाटलं. आरबी३३० टोनआर्मची नळी अ‍ॅल्युमिनियमची, एकसंध ओतलेली. बोटानं हलकेच हलवून बघितलं, कुठं प्ले, म्हणजे ढिलेपणा, नाही. थाळी बारा मिलिमीटर काचेची. १९७३ पासून ही इंग्लंडमधली कंपनी एकच धोरण धरून आहे, बॉडी हलकी ठेवायची आणि ताठ ठेवायची. ज्यानं हे डिझाइन केलं त्याला मशिनिंग कळतं.

सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांची एक एलपी बरोबर नेली होती, तीच तिथं वाजवली. तानपुरा घरच्यापेक्षा स्थिर वाटला, हे मान्य. पण त्या मशिनला कार्ट्रिज (सुई ज्यात बसते ते) वेगळं, अ‍ॅम्प्लिफायर वेगळा, स्पीकर तर माझ्या छातीएवढे. मी म्हटलं, "माझ्याकडे आहे तेच कार्ट्रिज याला लावून ऐकवा, मग बोलू." विकणारा हसला आणि चहा मागवला. चार गोष्टी एकदम बदलल्यावर कशामुळं फरक पडला हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही.

घरी येऊन माझ्या मशिनची तपासणी केली. थाळीच्या कडेला डायल गेज (बारीक डगडग मोजायचं काट्याचं माप) लावून हातानं सावकाश फिरवली. काटा हलला, पण ओरडा करावा इतका नाही. मग स्पीड. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणजे साधा दिवा सेकंदाला शंभर वेळा मिचकावतो. त्या उजेडात १८० रेघांची कागदी चकती ३३ च्या स्पीडवर एका जागी उभी दिसायला हवी. एलईडीखाली हा खेळ जमेलच असं नाही, जुना पिवळा बल्ब लागतो. रेघा जागच्या हलल्या नाहीत. स्पीड धरून ठेवणारा क्वार्ट्झ लॉक आहे तो उगाच नाही. म्हणजे फिरण्याच्या बाबतीत माझं मशिन कुठं अडलेलं नाही.

मग मला खटकतं ते काय? रेकॉर्डची बाजू संपत आली की आवाज फाटतो. 'स' फिस्कारतो, तार षड्ज खरखरतो. आणि आपल्या शास्त्रीय एलपीत नेमकी द्रुत बंदिश किंवा तराणा शेवटाला, लेबलजवळ असतो. गायक रंगात यायला आणि आवाज बिघडायला एकच गाठ.

लेथवर फेसिंग करणाऱ्याला याचं कारण सांगावं लागत नाही. आरपीएम तेच ठेवून टूल कडेकडून मध्याकडे नेलं की कटिंग स्पीड पडत जातो. रेकॉर्डचंही तसंच. बाहेरच्या कडेला खोबण सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर सरकते, लेबलजवळ ती जेमतेम २१ वर येते. तेवढंच गाणं निम्म्याहून कमी लांबीत दाटलेलं. तिथले बारीक वळसे जाड टोकाच्या सुईला गाठता येत नाहीत. माझी सुई व्हीएम९५ई, लंबगोल टोकाची. त्याच कार्ट्रिजवर व्हीएम९५एमएल ही मायक्रोलिनियर सुई बसते. तिची धार खूप बारीक, आणि जुन्या सुयांनी जिथं भिंत घासली नाही तिथं ती टेकते. पेटीसारख्या जुन्या सेटांवर वर्षानुवर्षं वाजलेल्या जुन्या एचएमव्ही रेकॉर्डना हे जास्तच लागू पडतं.

यावर जाणते म्हणतील, उलटं करतोयस. ब्रिटिश लिन कंपनीनं सत्तरच्या दशकापासून हेच ठासून सांगितलं, आधी टर्नटेबल, मग टोनआर्म, कार्ट्रिज शेवटी. ढिल्या बेअरिंगच्या मशिनला ते शंभर टक्के लागू. डायल गेज लावून झाल्यावर मला ते माझ्यापुरतं पटत नाही.

आणि ७८ स्पीडच्या रेकॉर्डींचं काय? आत्याच्या शहापूरच्या घरातून आलेल्या लाखेच्या रेकॉर्डी माझ्याकडेच आहेत. संगीत नाटकवाल्या अण्णासाहेब किर्लोस्करांचं गाव गुर्लहोसूर ज्या आमच्या बेळगाव जिल्ह्यात, तिथल्या घरांत नाट्यपदांच्या रेकॉर्डी नसतील तर कुठं असतील! प्लॅनर ३ ला ७८ नाही. रेगानं त्यासाठी वेगळं मॉडेल काढलंय, ते फक्त ७८ वर फिरतं. म्हणजे दोन मशिनं घ्या. माझ्या कार्ट्रिजला मात्र व्हीएम९५एसपी ही ७८ ची सुई नुसती सरकवून बसते. लाखेच्या रेकॉर्डची खोबण एलपीच्या जवळपास तिप्पट रुंद. तिच्यात एलपीची सुई घातली की ती तळाला जाऊन धूळच उकरते. जाड सुई लावा, टोनआर्मचं मागचं वजन तिच्या कागदावर लिहिलंय तसं करा, अ‍ॅम्प्लिफायरचं मोनो बटण दाबा. निम्मा खरखराट तिथंच जातो, कारण या रेकॉर्डींत गाणं आडव्या हालचालीत असतं, उभी हालचाल जवळजवळ सगळी घाणच.

(ओघात आलं म्हणून: पावसाळ्यात बुरशी धरते तेव्हा लाखेच्या रेकॉर्डीला स्पिरिट लावू नका. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. एका नातेवाइकांनी बालगंधर्वांची रेकॉर्ड अशीच 'चकाचक' केली होती.)

राहता राहिली आमची माडी. लाकडी तक्तपोशी, नातवंड धावलं की सुई उडते. हलक्या बॉडीचा प्लॅनर अशा जमिनीवर आणखी लाडात येणार. तेव्हा मशिन कुठलंही असो, ते दगडी भिंतीत अँगल ठोकून फळीवर ठेवणं भागच आहे. त्याचं माप आमच्याच शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्याला दिलंय.

दोन सुया आणि अँगल मिळून खर्च दोन मशिनांतल्या फरकाच्या निम्म्याच्या आसपास बसतोय. एमएल मागवली, एसपी पण मागवली. मुलगा जरा हिरमुसलाय, त्याला काचेची थाळी आवडली होती.

निपाणीकराला मात्र मी घे म्हणून सांगितलं. त्याचं जुनं बेल्टवालं मशिन पार खुळखुळा झालंय, घरात एकही ७८ नाही, हॉलला फरशी आहे आणि तंबाखूचं यंदा बरं झालंय. बेल्ट हातानं सरकवून ३३ चं ४५ करायला लागतं हे कळल्यावर जरा कुरकुरला. म्हटलं, तुझ्याकडे ४५ च्या रेकॉर्डी आहेत किती? दिवाळीत त्याच्याकडे जाणार आहे, माझं कार्ट्रिज आणि कुमारांची तीच एलपी घेऊन.